माऊसने मारायचा भाता

बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या खोलीची खिडकी उघडली की वडगावच्या बाजूने यंत्रमागांची खटखट आत येते. गाणं रेकॉर्ड करायचं असेल तेव्हा ती खिडकी मी घट्ट लावतो, वर जुनी गोधडीही टांगतो. मिडीच्या नोटा दुरुस्त करायला बसलो, की मात्र ती मुद्दाम उघडी ठेवतो. या कामाला माइक लागत नाही. शिवाय खाली गल्लीत ज्या मागांवर साड्या विणल्या जातात, त्यांच्याशी या कामाचं नातं जवळचं आहे आणि ते समजलं की पुढचं बरंच सोपं जातं.

जकार्डचा माग ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुठ्ठ्याच्या पत्त्यांची ती लांब माळ आठवत असेल. पत्त्याला जिथे भोक, तिथे सुई आत शिरते आणि तो उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. मग मधून धोटा जातो. पत्त्यात रेशीम नसतं, रंगही नसतो. कोणता धागा कधी उचलायचा एवढाच हुकूम असतो. तोच पत्ता तांबड्या ताण्यावर चालवा नाहीतर हिरव्या, पदरावरचा मोर तोच उठतो. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमाराला ही युक्ती बसवली. पुढे शंभर वर्षांनी आपोआप वाजणाऱ्या पियानोत कागदाची भोकं पाडलेली गुंडाळी फिरू लागली, ती याच वळणाची. भोक आलं की पट्टी दबते, भोक संपलं की सुटते. आजच्या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये, मग ते क्यूबेस असो, एफएल स्टुडिओ असो की रीपर, ज्या खिडकीत नोटा दुरुस्त करतात तिला सर्रास ‘पियानो रोल’ म्हणतात, ते त्या गुंडाळीवरूनच.

मिडी म्हणजे हा पत्ता. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या एका वाद्यप्रदर्शनात सीक्वेन्शियल आणि रोलँड या दोन वेगळ्या कंपन्यांचे की-बोर्ड एका तारेने जोडून दाखवले गेले. एकाची पट्टी दाबली की दुसरा वाजायचा. तारेतून आवाज जात नव्हता. जात होता तो फक्त निरोप: अमुक क्रमांकाची पट्टी, अमुक जोराने, दाबली, आणि थोड्या वेळाने, तीच पट्टी सोडली. आज चाळीस वर्षांनंतरही आपण मुख्यतः हेच निरोप हलवत असतो. म्हणून पेटीवर वाजवलेली ओळ नंतर बासरीला देता येते, आणि म्हणूनच एक सूर चुकला तर सगळं पुन्हा वाजवावं लागत नाही. ध्वनी दुरुस्त करणं अवघड असतं, निरोप दुरुस्त करता येतो.

आता प्रत्यक्ष खिडकी उघडू. उदाहरणासाठी तीनतालातला पेटीचा एक साधा लेहरा घेतो, तबल्याच्या साथीला सोळा मात्रांत फिरत राहतो तसा. डावीकडे पट्ट्या उभ्या लावलेल्या दिसतात, खाली खर्ज आणि वर तार. डावीकडून उजवीकडे वेळ जातो. मधे लहानमोठ्या आडव्या चौकटी आहेत. प्रत्येक चौकट म्हणजे एक सूर. तिची उंची सांगते कोणती पट्टी, डावी कड सांगते कधी दाबली, उजवी कड सांगते कधी सोडली.

पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक असतात. ६० म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी एक. आमच्याकडे पुरुष गायक पुष्कळदा काळी एक धरतात, तेव्हा सा येतो ६१ वर. मग रे ६३, ग ६५, म ६६, प ६८, ध ७०, नि ७२ आणि तार सा ७३. कोमल गंधार ६४, तीव्र मध्यम ६७. ही आकडेमोड पाठ करायची गरज नाही, पण सुरुवातीला एका चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवावी. सॉफ्टवेअर तुम्हाला सी-शार्प दाखवणार आणि तुमचा कान षड्ज ऐकणार. दोन्हींत रोज भाषांतर करत बसलं की लक्ष सुरावरून उडतं. बहुतेक ठिकाणी रागात न लागणाऱ्या पट्ट्यांच्या ओळी गडद करून ठेवता येतात, ते आधी करून घ्यावं.

वेळेचं गणित याहून महत्त्वाचं. लय मिनिटाला ८० मात्रांची ठेवली तर एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची होते आणि तीनतालाचं एक आवर्तन बरोबर १२ सेकंदांत संपतं. सॉफ्टवेअर त्या मात्रेचे पुन्हा बारीक भाग करतं. पुष्कळांत ९६० भाग असतात. म्हणजे एक भाग एका मिलिसेकंदाहूनही लहान. इतक्या बारकाईने सूर सरकवता येतो, पण माणसाच्या हाताचा खरा खेळ चालतो तो दहा ते पन्नास मिलिसेकंदांच्या पट्ट्यात. तिथेच नजर ठेवायची.

एक इशारा इथेच देतो. सॉफ्टवेअरचा मेट्रोनोम प्रत्येक बारच्या पहिल्या ठोक्यावर जोर देतो. तीनतालात चार-चारचे चार बार करून निभावतं. झपतालाला पाच-पाचचे दोन बार करावे. रूपकात मात्र सात मात्रांचा बार केला की समेवर जोराचा ठोका पडतो, आणि रूपकाची सम तर कालावर असते. त्या ठोक्याच्या मागे गेलात तर हात जड होतो आणि ते रेकॉर्डिंगमध्ये उतरतं. मेट्रोनोमचा जोर काढून टाका, किंवा त्याऐवजी ठेका लावून वाजवा.

वाजवा म्हणतो, कारण एक एक चौकट माऊसने मांडत बसण्याच्या मी विरोधात आहे. मांडलेल्या सगळ्या नोटा एकाच जोराच्या, एकाच लांबीच्या आणि रेषेवर चिकटलेल्या येतात. मग त्यांत जीव घालायला दुप्पट वेळ लागतो. लय कमी करा, साठावर आणा, चुका करा, पण बोटांनी वाजवा. दुरुस्तीला काहीतरी हाडामांसाचं हाती असावं.

वाजवून झालं की पहिला मोह होतो तो ‘क्वांटाइझ’चा. एक बटण दाबलं की सगळ्या चौकटींच्या डाव्या कडा जवळच्या रेषेला जाऊन चिकटतात. हे बटण नेमकं काय करतं ते समजून घ्यायला हवं, कारण आपल्या संगीताची सगळ्यांत जास्त नासाडी इथे होते. समजा मात्रेचे चार भाग करणारी जाळी लावली आहे. ८० च्या लयीत तिच्या दोन रेषांतलं अंतर १८७.५ मिलिसेकंद. तुम्ही मध्यमाचा कण देऊन गंधारावर आलात. कण गंधाराच्या ५० मिलिसेकंद आधी वाजला आहे. क्वांटाइझला कण माहीत नाही. त्याला दोन नोटा दिसतात, दोघींची जवळची रेषा एकच, तो दोघींनाही तिथे नेऊन उभं करतो. आता म आणि ग एकदम वाजतात. ऐकणाऱ्याला वाटतं पेटीवाल्याने चुकून दोन पट्ट्या दाबल्या. कणाचा खडा झाला.

माझ्या हातून हे झालेलं आहे. एका भजनी मंडळासाठी ट्रॅक करत होतो, भजनी ठेक्यातला. सबंध ट्रॅक रेषेवर आणला आणि अभिमानाने ऐकवला. मंडळातल्या सगळ्यांत वयस्कर टाळकऱ्यांनी टाळ हातात घेतले, दोन आवर्तनं वाजवले आणि खाली ठेवले. त्यांना यात झुलायला जागाच सापडत नव्हती. घरी येऊन मूळ टेक उघडून मोजलं. भजनी ठेक्यात मात्रेचा दुसरा भाग मधोमध पडत नाही, थोडा मागे रेलतो. वाजवणारा ते न ठरवता करतो. मी तो मागे रेललेला भाग ओढून मधोमध बसवला होता, आणि तोही प्रत्येक मात्रेत.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. आधी पडद्याकडे पाठ करून तीन वेळा ऐकतो. कुठे खटकतं ते कागदावर मांडतो: तिसरं आवर्तन, अकरावी मात्रा. मग फक्त तिथल्या नोटा उघडतो. जाळीची पकड, म्हणजे ‘स्नॅप’, बंद करतो, नाहीतर चौकट उडी मारून रेषेवरच बसते. सूर दहा-पंधरा मिलिसेकंद हलवतो आणि पुन्हा ऐकतो. एखादा सबंध भाग खरंच विस्कटला असेल तर क्वांटाइझची ताकद ४०-५० टक्क्यांवर ठेवून लावतो; मग सूर रेषेकडे अर्ध्या वाटेने जातात, थेट चिकटत नाहीत. कणाच्या आणि मुरकीच्या नोटा त्या निवडीतून आधी बाहेर काढतो. ज्या भजनाची ही गोष्ट, त्याच्या दुसऱ्या फेरीत पेटीच्या ४१२ नोटांपैकी मी ३७ हलवल्या.

डाव्या कडेइतकीच उजवी कड महत्त्वाची, पण तिकडे कमी लोक बघतात. पेटीवर एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना पहिलं बोट किंचित उशिरा उठतं, म्हणून सूर सांधलेला वाटतो. चौकटींच्या मधे फट राहिली की तीच ओळ तुटक लागते. तेव्हा पहिल्या चौकटीचं शेपूट पुढच्या चौकटीच्या खाली वीस-तीस मिलिसेकंद जाऊ द्यावं. फक्त एकाच पट्टीच्या दोन नोटा लागोपाठ असतील तर हे करू नये. पहिलीचा ‘सोडली’ हा निरोप दुसरी सुरू झाल्यावर येतो आणि दुसरीलाच मारतो, कधी सूर लटकून तसाच वाजत राहतो. तिथे फट हवीच.

आता भात्याकडे येतो. हा लेख लिहायचं मुख्य कारण तेच.

प्रत्येक नोटेबरोबर एक आकडा असतो, १ ते १२७, व्हेलॉसिटी नावाचा. पट्टी किती वेगाने दाबली ते तो सांगतो. पियानोत हातोडी तारेवर आपटते, त्यामुळे वेग वाढला की आवाज वाढतो. ही सगळी व्यवस्था पियानोच्या अंगाने रचलेली आहे. पेटीत तसं काही नाही. पट्टी हळू दाबा की जोरात, ती फक्त हवेची वाट उघडते. आवाज लहानमोठा होतो तो डाव्या हाताने, भात्याने. आणि भात्याची हवा सगळ्या सुरांना एकत्र मिळते, एकेका सुराला वेगळी नाही. म्हणून पेटीच्या ट्रॅकमध्ये एक नोट ९० वर, पुढची ६० वर, मग ११० असं ठरवत बसलं की जे ऐकू येतं ते पेटी नसतं. कान पकडतो, कारण सांगता आलं नाही तरी.

उपाय मिडीतच आहे. नोटांखेरीज ‘कंट्रोलर’ नावाचे निरोप असतात, त्यांतला ११ क्रमांकाचा एक्स्प्रेशन. तो एका नोटेला लागत नाही, त्या चॅनलवर वाजणाऱ्या सगळ्या सुरांना एकदम लागतो. हुबेहूब भाता! तेव्हा सगळ्या नोटांची व्हेलॉसिटी जवळजवळ सारखी करून टाका, आणि खिडकीच्या तळाशी कंट्रोलरचा पट्टा उघडून त्यात भाता काढा. समेकडे येताना रेघ चढते. सम झाली की जरा उतरते. भाता पुन्हा भरताना दाब क्षणभर पडतो, तिथे बारीकसा खळगा द्या. तो सुरांच्या मधे येईल असं बघू नका, खऱ्या पेटीत तो लांब सुराच्या पोटातही येतो. माऊसने काढलेली रेघ फार गुळगुळीत येते. माझ्या की-बोर्डवरची सरकपट्टी ११ ला जोडून, लेहरा वाजत असताना डाव्या हाताने ती वरखाली करत मी ते रेकॉर्ड करतो. हात तोच राहतो, भाता मारणारा. काही पेटी-सॅम्पल ११ ऐकत नाहीत, त्यांचा भाता १ क्रमांकाच्या मॉड्युलेशन चाकाला बांधलेला असतो; आधी तपासावं.

बेळगावात पेटीबद्दल असं बोलताना सांभाळून बोलावं लागतं, कारण हे गाव पेटीचं. विठ्ठलराव कोरगावकर इथले. कागवाडला १९१७ मध्ये जन्मलेले रामभाऊ विजापुरे आयुष्यभर इथे शिकवत राहिले, २०१० मध्ये गेले. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं, त्या काळातही हे लोक वाजवत होते. बंदीमागे आक्षेप दोन होते. पेटीवर मींड निघत नाही, आणि तिचे सूर समान बारा भागांत कापलेले, म्हणून आपल्या गायनाला जरा बेसूर. दोन्ही आक्षेप मिडीच्या पट्ट्यांना तसेच्या तसे लागू आहेत, आणि दोन्हींवर मिडीत हत्यार एकच: पिच बेंड.

पिच बेंडला १६,३८४ पायऱ्या आहेत. मधे शून्य, वर-खाली साधारण ८,१९२. नेहमीची मांडणी असते ती दोन पट्ट्या वर, दोन पट्ट्या खाली, अर्ध्या सुरांच्या हिशेबाने. म्हणजे एका अर्ध्या सुराला ४,०९६ पायऱ्या, आणि अर्ध्या सुराचे शंभर सेंट धरले तर एका सेंटला सुमारे ४१. आता तंबोऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार, षड्जाच्या सव्वापट कंपनांचा, पेटीच्या गंधारापेक्षा १३.७ सेंट उतरलेला असतो. तेव्हा गंधाराच्या चौकटीखाली बेंड उणे ५६१ वर ठेवला की तो तंबोऱ्यात विरघळतो. षड्जाच्या सहा-पंचमांश कोमल गंधार उलट १५.६ सेंट चढा हवा, म्हणजे अधिक ६४१. पंचम जेमतेम दोन सेंटांचा फरक, त्याला हात लावत नाही.

हे आकडे बघताना मला नेहमी कृष्णाजी बल्लाळ देवल आठवतात. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं, देवल सांगलीचे. त्यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं, पुढे अर्नेस्ट क्लेमंट्स या आयसीएस अधिकाऱ्याबरोबर श्रुतींप्रमाणे सूर लावलेली पेटी घडवण्यापर्यंत ते गेले. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी केली. त्यांना जे पितळेच्या पत्त्या घासून साधावं लागलं, ते आपण आकडा लिहून करतो. एवढी सोय हातात असताना गंधार तसाच चढा सोडून देणं मला बरं वाटत नाही.

अडचण एक आहे. बेंडही चॅनलवरच्या सगळ्या सुरांना एकदम ओढतो. त्याच ट्रॅकवर मागे षड्ज धरून ठेवला असेल तर गंधार उतरवताना षड्जही उतरेल, आणि मग काहीच उरत नाही. म्हणून धरलेला सूर वेगळ्या ट्रॅकवर, वेगळ्या चॅनलवर. अलीकडे एमपीई नावाची सोय आली आहे, तीत प्रत्येक सुराला स्वतःचं चॅनल मिळतं. वाद्य आणि सॉफ्टवेअर दोन्हींना ती येत असेल तर ही कसरत वाचते.

मींडही अशीच काढतात. एकच लांब चौकट ठेवायची आणि तिच्याखाली बेंडची वळणदार रेघ. सरळ रेघ सायरनसारखी लागते. गळा आधी सुरावर थांबतो, मग निघतो, आणि पोचताना पुन्हा सावकाश होतो, तशी रेघ दोन्ही टोकांना निजलेली हवी. मींड संपली की बेंड शून्यावर आणायला विसरू नये, नाहीतर पुढचं सगळं गाणं त्या उंचीवर जातं. बासरीला, सारंगीला, व्हायोलिनला मी मींड जरूर देतो. पेटीला देत नाही. रामभाऊंच्या पिढीने कण, सांधलेली बोटं आणि भाता एवढ्यावर गायकी अंग उभं केलं. मींडेचा भास निर्माण केला. पेटीच्या आवाजात खरीच मींड घातली की तो आवाज कोणत्याच वाद्याचा राहत नाही. सूर लावून घेणं वेगळं, वाद्याचा स्वभाव बदलणं वेगळं.

तबल्याबद्दल थोडक्यात. सॅम्पलच्या तबल्यात प्रत्येक बोल एका पट्टीवर बसवलेला असतो आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. आधी नकाशा बघून घ्यावा. शक्य असेल तर दायाँ आणि बायाँ वेगळ्या ट्रॅकवर घ्यावा. मग ‘धा’ म्हणजे वर ‘ना’ आणि खाली ‘घे’ अशा दोन चौकटी होतात, आणि घे दाबून वर चढवायचा तर दायाँला धक्का न लावता बेंड देता येतो. तबल्याला व्हेलॉसिटी खरी लागू पडते, तिथे आकडे मन लावून बदलावे. चार मात्रा नीट बसवून त्याच चार वेळा चिकटवणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. तीनतालात दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत बायाँ मुका असतो, चौदाव्या मात्रेच्या धिंला परत बोलतो. चिकटवलेल्या ठेक्यात काल येतच नाही. शिवजयंतीच्या चित्ररथांवरच्या देखाव्यांना जे पार्श्वसंगीत वाजतं त्यात हे मी पुष्कळदा ऐकतो, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण दुरुस्ती फक्त खालच्या ओळीतल्या चार चौकटी पुसण्याची असते.

‘ह्युमनाइझ’ हे बटण मी वापरत नाही. ते नोटा कशाही पुढेमागे सांडतं. माणूस कसाही चुकत नाही; तिहाईच्या शेवटी तो किंचित रेटतो, समेनंतर सैलावतो, आणि हे दर आवर्तनाला ओळखीच्या जागी घडतं.

मूळ टेक पुसू नये. त्याची प्रत करून तिच्यावर काम करावं, मूळ ट्रॅक बंद करून खालीच ठेवावा. काम संपलं असं वाटलं की मी दोन्ही आळीपाळीने लावतो, बारीक आवाजात, फोनच्या स्पीकरवरसुद्धा. दुरुस्त केलेला जिथे मूळपेक्षा निर्जीव वाटतो ते आवर्तन मूळ टेकमधून उचलून परत आणतो, चुकीसकट. मग फाइल बंद करतो. गायक आले की खिडकी लावतो आणि गोधडी टांगतो.